अक्काच्या कानासाठी सोडलेला वळू

आमच्या गावात त्या काळी दारोदार ज्या पांढऱ्याशुभ्र कालवडी बांधलेल्या दिसायच्या, त्या सगळ्या एकाच बापाच्या लेकी होत्या आणि गावाला त्याचा कोण अभिमान! काष्टीच्या बाजारात कुणी विचारलं, जनावर कुठलं, तर आमची माणसं छाती फुगवून सांगायची, भैरोबाच्या वळूचं. तो वळू आमच्या गोठ्यात जन्मलेला. म्हणजे अभिमानात आमच्या घराचा वाटा सगळ्यात मोठा, आणि पुढे जे झालं त्यातही आमचाच.

देवाच्या नावाने वळू सोडण्याची चाल आमच्याकडे जुनी. नवस बोलायचा, गाईचा चांगला गोऱ्हा निवडायचा, त्याच्या मांडीवर त्रिशूळाचा डाग द्यायचा आणि देवळासमोर त्याचं दावं कापून टाकायचं. मग तो कुणाचाच नाही आणि सगळ्यांचा. त्याच्या नाकात वेसण नाही, मानेवर जू नाही. कुणाच्याही ज्वारीत शिरला तरी त्याच्यावर काठी उगारायची नाही. आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, असा गोऱ्हा सोडला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची होते. नवस माझ्या थोरल्या बहिणीसाठी होता. अक्काचे कान उघडावेत म्हणून.

अक्का जन्मापासून ऐकत नव्हती. ती वर्षाची होईपर्यंत हे कुणाच्या लक्षातही आलं नाही. मग एके दिवशी आजीने तिच्या पाठीमागे पितळी ताट फरशीवर टाकलं. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या, शेजारीण काय झालं म्हणून धावत आली, आणि अक्का समोरचा भाकरीचा तुकडा चिवडत बसून राहिली. मी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण ही गोष्ट घरात इतक्या वेळा सांगितली गेली की मला ते ताट पडताना दिसतं. अक्कालाही ती ठाऊक होती. आम्ही तिला हातवारे करून सांगायचो, ताट कसं पडलं, कोंबड्या कशा उडाल्या, आणि ती पोट धरून हसायची. स्वतःचीच गोष्ट तिला फार आवडायची.

आजीचा एक भाऊ तसाच होता, मुका आणि बहिरा. म्हणून आजी म्हणाली, पोरगी माझ्या भावावर गेली. झालं. कुणाचं नाक कुणावर जातं, कुणाचे कान. यात विचार करण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. वैद्य झाले, अंगारे झाले, नगरला नेऊन आणलं. अक्का लग्नाची झाली आणि एकही स्थळ फिरकेना, तेव्हा दादांनी गोठ्यातला सर्वांत देखणा गोऱ्हा भैरोबाला दिला. अक्काचे कान काही उघडले नाहीत. वळू मात्र दणकून वाढला.

माझा सगळा काळ अक्काबरोबर गेला. आमची बोली हातांची. दोन बोटं डोक्याला लावली की गाय, पदर दातात धरला की आई, तळवा छातीवर थोपटला की माझं. वळू दारात आला की अक्का त्याच्या गळ्याखालची लोंबती पोळी खाजवत उभी राहायची आणि तो एवढा थोरला डोंगर मान वर करून डोळे मिटायचा. गावात तो दुसऱ्या कुणाला सहसा अंगाला हात लावू द्यायचा नाही.

मी जुनी अकरावी पास होऊन घरी बसले, त्या वर्षी पहिलं वासरू तसं जन्मलं. शेजाऱ्यांची पहिलारू गाय व्याली. वासराचं तोंड, डोळे, अंगावरचं रेशीम सगळं नीट, पण पुढचे दोन्ही पाय गुडघ्यात मुडपलेले, गाठ मारल्यासारखे. ते उभंच राहू शकलं नाही. तिसऱ्या दिवशी मेलं. लोक म्हणाले, गाभण असताना गाईने ग्रहण पाहिलं असेल. मग वरच्या आळीत एक, मळ्यात एक. मग आमच्या स्वतःच्या गोठ्यात. आमचं वासरू आठ दिवस जगलं ते अक्कामुळे. ती त्याच्या पोटाखाली दोन्ही हात घालून त्याला आचळापाशी धरायची, आणि ते पीत असताना स्वतः तोंड हलवायची. ते गेलं तेव्हा तिने मला विचारलं, याचे पाय, माझे कान, कुणी बांधले? 

देव कोपला, असं गाव म्हणू लागलं. देव कशाने कोपला यावर पारावर खल झाला आणि कुणीतरी म्हणालंच, मुक्या पोरीपायी सोडलेलं जनावर, गुण दाखवणारच. ते दादांच्या जिव्हारी लागलं. ते दुसऱ्या दिवशी चालत काष्टीला गेले आणि जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सायकलवर घेऊन आले.

डॉक्टर तरुण होते, सडपातळ, आणि आमच्या माणसांना हसू येईल इतके चौकस. ते घरोघर फिरले. प्रत्येक गाईपाशी एकच प्रश्न, हिचा बाप कोण? प्रत्येक घरी उत्तर एकच, तेही कौतुकाने. शेवटी ते आमच्या ओट्यावर टेकले आणि मला म्हणाले, घरात चिंचोके आहेत का? आमच्याकडे खेळायचे चिंचोके गाडगं भरून होते. अख्खे काळे, फोडलेले पांढरे. त्यांनी ते फरशीवर मांडले आणि दादांना समजावू लागले. मी चहा घेऊन दारात उभी होते, ती तिथेच राहिले.

प्रत्येक जनावराला दोन चिंचोके मिळतात, ते म्हणाले, एक आईकडून, एक बापाकडून. काळा चांगला, पांढरा खोडीचा. एक काळा आणि एक पांढरा असला तर जनावर धडधाकट, काळा पांढऱ्याला झाकून टाकतो. बाहेरून कुणाला काही कळत नाही, जनावराला स्वतःलाही नाही. तुमचा वळू असा आहे. त्याने आपला पांढरा निम्म्या लेकींना दिला. त्याही धडधाकट. आता त्या लेकी वयात आल्या, आणि गावात वळू एकच, त्यांचा बाप. दोन पांढरे एकत्र आले की वासराचे पाय मुडपलेले. देवाचा कोप वगैरे काही नाही.

दादांनी विचारलं, मग इतकी वर्षं हा पांढरा मेला कसा नाही? डॉक्टर म्हणाले, मेला असता, जर तो उघडा असता. जे वासरू मरतं त्याच्याबरोबर दोन पांढरे जातात, पण झाकलेले मागे राहतात, आणि ते चांगल्या जनावरांत राहतात. वळू किडमिडा असता तर तुम्ही त्याच्याकडे गाय नेली नसती. तो देखणा आहे, देवाचा आहे, म्हणून तो पांढरा चिंचोका गावभर झाला.

दादा शेतकरी माणूस, बी-बियाणं कळणारे. त्यांना ते चटकन पटलं. मला तर त्यांच्याही आधी पटलं. मी कप पुढे केला आणि धीर करून विचारलं, "डॉक्टरसाहेब, माणसांत बी आसंच आसतं का?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग अंगणात शेण सारवत असलेल्या अक्काकडे पाहिलं. आल्या आल्या त्यांनीच तिला तीन हाका मारल्या होत्या, पण ती वळली नव्हती.

"मी जनावरांचा डॉक्टर आहे, पोरी," ते म्हणाले आणि चहा संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

मी हे का विचारलं ते सांगते. माझं लग्न पाळण्यात ठरलेलं होतं. माझ्या बारशालाच आत्याने मला तिच्या मुलासाठी मागून घेतलं होतं. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, त्यात विचारायचं काय? माझी आईही तशीच या घरात आली होती, आपल्या सख्ख्या आत्याची सून होऊन. म्हणजे माझी आजी ही माझ्या आईची आत्या. आमच्या उंबऱ्यातून परकी सून म्हणून कधी आत आलीच नव्हती, आणि याचाही घराला अभिमानच होता. भांडण झालं तरी घरातल्या घरात, दागिना मोडला तरी घरातल्या घरात.

डॉक्टर गेल्यावर चिंचोके तसेच पडले होते. मी ओट्यावर बसले आणि आमचं घर मांडलं. आजीच्या भावापुढे दोन पांढरे. आजीपुढे एक काळा, एक पांढरा. तिच्या दुसऱ्या भावापुढे, माझ्या आईच्या वडिलांपुढे, तसेच. दादांपुढे एक पांढरा आलाच असणार, आईपुढेही, नाहीतर अक्का कशी झाली असती? अक्कापुढे दोन पांढरे. आत्यापुढे एक काळा ठेवला आणि दुसरा कोणता ते कळेना. तिच्या मुलापुढेही तेच. माझ्या स्वतःपुढे एक काळा ठेवला आणि दुसरा मुठीत धरून बसले. अक्का शेजारी येऊन बसली. तिला वाटलं खेळ चाललाय. पांढरे चिंचोके तिला आवडायचे, तिने सगळे पांढरे वेचून आपल्या ओच्यात घेतले.

दोन दिवसांनी दादा एकटे सापडले तेव्हा मी तीच मांडणी त्यांच्यापुढे पुन्हा केली. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. सगळं कळलं होतं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "माणसं काय जनावरं हायत व्हय?"

 त्यांचा आवाज उतरला.

"तुझी आत्या अक्काला संगं न्यायाला तयार हाय. तू सून हून गेलीस तर अक्का बी जन्मभर त्या घरात. आमी दोघं गेल्यावर तिला कोन इचारनार हाय? परक्याच्या घरात मुकी मेव्हनी कोन ठिवून घेतंय? तुला नगं आसल तर तू न्हाई म्हन, मी बी तुझ्या आत्याला न्हाई म्हनतो. मग अक्काचं काय करायचं, ते बी तूच सांग."

दादांनी माझं दावं सोडलं आणि गोठ्याचं दार लावून घेतलं. त्यांनी माझ्यावर जबरदस्ती केली असती तर बरं झालं असतं. मी रडले असते, रुसले असते, जन्मभर बापाला बोल लावला असता. तेवढीही सोय त्यांनी ठेवली नाही.

मला राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अक्काचा आला. आठ दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण आमचं बोलणं हातांचं. मुक्या माणसाशी अबोला धरायचा म्हणजे हात पदरात लपवायचे. तिला ते पहिल्याच दिवशी कळलं. ती माझ्यामागे मागे फिरायची आणि माझे हात पदरातून ओढून बाहेर काढायची, काय झालं, काय झालं. नवव्या दिवशी मी तिच्यापुढे हात केले. कुणाला तोंडाने होय असं मी म्हटलंच नाही. आईबरोबर श्रीगोंद्याला लग्नाचं लुगडं घ्यायला गेले, त्यातच काय ते आलं.

इकडे वळूचा निकाल लागायचा होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, त्याला खच्ची करा किंवा कायमचा बांधून ठेवा, आणि लांबच्या गावचा दुसरा गोऱ्हा आणा. देवाच्या जनावराला खच्चीचा चिमटा लावायचा हे ऐकून देवळात जमलेल्या माणसांनी कानांवर हात ठेवले. बांधायचं तर दावं कुणी लावायचं? मग आमच्या गावाला जे सुचलं ते फक्त आमच्याच गावाला सुचू शकतं. वळूला मानाने दुसऱ्या गावी पाठवायचं ठरलं. देवाचं जनावर देवाकडेच राहील, आपलं संकटही टळेल. डॉक्टर म्हणाले, अहो, म्हणजे तुम्ही हा पांढरा चिंचोका तिकडे पेरायला निघालात. सगळ्यांनी मान डोलावली आणि तेच केलं.

आत्याचं गाव सोनईच्या अंगाला, नेवासे तालुक्यात. तिथेही भैरोबा, आणि तिथला वळू म्हातारा होऊन मेलेला. आत्याच्या घरून निरोप आला, आमाला द्या.

त्याच्या अंगावर झूल घातली, शिंगांना बेगड लावली, गुलाल उधळला. बायकांनी ओवाळलं. अक्का त्याच्या गळ्याशी चिकटून उभी होती, तिला ओढून बाजूला करावं लागलं. गावची चार माणसं त्याला चालवत घेऊन गेली, वाटेत पाच मुक्काम. परत आल्यावर त्यांनी आमच्या ओट्यावर बसून मोठ्या फुशारकीने सांगितलं की प्रत्येक मुक्कामाला लोकांनी वळूचे पाय धुतले, आणि देवाचं जनावर दारी आलंय म्हणून आपापल्या माजावर आलेल्या गाई आणून फळवून घेतल्या. पाचही गावांत. दादा जेवत होते, ते अर्ध्या ताटावरून उठले.

महिन्या-दीड महिन्याने वैशाखात मी गेले. गुलालाऐवजी हळद, झुलीऐवजी लुगडं. नगरला एसटी बदलली. शेजारी अक्का खिडकीतून बाहेर बघत होती आणि मला बोटाने सगळं दाखवत होती, झाड, बैल, ट्रक. लहानपणी ज्याच्याशी बोरांवरून मारामारी केली त्याला आता अहो म्हणायचं होतं.

आत्याचं घर वाईट नव्हतं. मला कुणी छळलं असतं तर ही गोष्ट सांगायला सोपी गेली असती. आत्याने अक्काला पोटच्या पोरीसारखं ठेवलं. नवरा शांत, कष्टाळू, माझ्या शब्दाबाहेर न जाणारा. मी एकदा त्यांना चिंचोके मांडून दाखवले. ते म्हणाले, "आगं, मी धडधाकट, तू धडधाकट, मग कशाला नसता घोर?" धडधाकट हा शब्द तेव्हापासून माझ्या कानांना सोसत नाही. मला तिथे भांडायला कुणी नव्हतं. सगळे प्रेमाचे, सगळे आपलेच, आणि तेच तर दुखणं होतं.

वळू तिथेही मजेत होता. आम्ही गेल्या दिवशी तो देवळामागे दिसला आणि अक्का धावतच सुटली. पुढे दुष्काळाचं ते वर्ष आलं. माणसं खडी फोडायला जात होती, दावणीची जनावरं लोक छावणीत नेऊन बांधत होते, पण देवाच्या वळूला प्रत्येक घरातून मूठमूठ वैरण जात होती. तो जगला. त्याची तिथली वासरं जन्माला यायला लागली, एकाहून एक देखणी, पांढरीशुभ्र, चारही पायांवर ताठ. गावाला कोण अभिमान! मी नवऱ्याला म्हटलं, चार वर्षं थांबा, या कालवडी वयात येऊ द्या. ते हसले. चार वर्षांनी कोण बघतंय.

पाऊस परतला त्या वर्षी मला मुलगी झाली. गोरीपान, टपोऱ्या डोळ्यांची. मी तिच्याकडे नेहमी समोरून जायची. समोर गेलं की ती हसायची, हातपाय नाचवायची. पाठीमागून मी तिला कधी हाक मारली नाही. टाळी वाजवली नाही, खुळखुळा आत्याने आणला तो ट्रंकेत ठेवून दिला. स्वयंपाकघरात भांडं पडलं की मी पाळण्याकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. तीन महिने मी तसे काढले. आत्याही काही विचारत नव्हती, आणि ती का विचारत नाही हे मला समजत होतं.

एका दुपारी मी पाळण्यासमोर तांदूळ निवडत बसले होते. पाळणा आढ्याला टांगलेला, त्याला मी लाल चिंध्यांचा चेंडू बांधला होता. मुलगी त्याच्याकडे टक लावून बघत होती. अक्का आतून आत्याचं पितळी ताट घेऊन आली आणि पाळण्याच्या मागे जाऊन उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. ती काय करणार ते मला कळलं होतं. मी हात उचलून नको म्हणायला हवं होतं. माझे हात तांदळातच राहिले.

तिने ताट सोडलं. अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. आत्या चूल सोडून दारात आली. मुलगी चेंडूकडे बघत होती.

अक्का ताटाकडे नव्हती बघत, मुलीच्या डोळ्यांकडे बघत होती. मग ती वळसा घालून पुढे आली, तिने मुलीला उचलून घेतलं, तिच्या कानाला बोट लावलं, मग स्वतःच्या कानाला लावलं, आणि तळवा छातीवर थोपटला. पुन्हा थोपटला. ती हसत होती. फार आनंद झाला की तिच्या घशातून एक आवाज यायचा, तिने स्वतः कधी न ऐकलेला, तो येत होता. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला कुणीतरी आपल्यासारखं मिळालं होतं.

आत्याने तोंडाला पदर लावला. मी उठले, ताट उचललं, अक्काच्या कडेवरच्या मुलीच्या पाठीमागे जाऊन उभी राहिले आणि पुन्हा टाकलं.